वन्संबरोबरची फुगडी

खरं सांगते, पोरगी जिंकावी याच्यापेक्षा वन्सं हराव्यात असं मला जास्त वाटत होतं. आईनं असं बोलू नये, पण आता बोललेच तर बोलले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सिंगापुरात ईस्ट कोस्टला कोंडोत, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीत राहतात, बाल्कनीतून समुद्र दिसतो, जहाजं दिसतात, आणि आम्ही गेलो की दर वेळी म्हणतात, "बघून घे गं पोटभर, वुडलँड्सला काय दिसणार तुला, जोहोरच्या पुलावरचे मलेशियाला चाललेले ट्रक." आम्ही वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमधे. नवऱ्याची नोकरी वन्संच्या मिस्टरांनी लावून दिलेली, त्या नोकरीवर त्याचा इथं राहायचा पास, त्याच्या पासवर माझा आणि पोरीचा पास. म्हणजे वन्सं शिंकल्या की आमच्या घरात तिघांना ताप. फोन वाजला की मी आधी त्यांचंच नाव आहे का बघायचे, अजून बघते, हे सांगतानासुद्धा मी मधेच फोनकडं बघतेय.

पण माझा राग पासच्या आधीचा आहे. मी दहावीला होते तेव्हा शाळेकडून खो-खो खेळायचे. मी पळायला उतरले की समोरच्या पोरी वैतागायच्या. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की तिला मागं फिरता येत नाही, नियमच आहे तसा. पळणारीला मात्र कुठंही फिरता येतं. म्हणून पळणारीनं हूल द्यायची. डोळे एकीकडं, कंबर दुसरीकडं आणि पाय तिसरीकडंच. वन्सं कुणाच्या तरी लग्नाला आमच्या गावात आल्या होत्या, मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या, बघितलं, आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन वडलांना म्हणाल्या, "मुलगी चपळ आहे. आमच्या भावाला द्या. शिकवू आम्ही पुढं." जिल्ह्याच्या संघाची निवड ज्या दिवशी होती त्याच दिवशी माझा साखरपुडा धरला. वन्संनीच धरला. मुहूर्त चांगला होता म्हणे. मी हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते आणि माझ्या मैत्रिणी ट्रकमधे बसून निवडीला गेल्या, ट्रक आमच्या दारावरनंच गेला. दहावीची परीक्षा राहिली ती राहिलीच. वर्षात पोरगी झाली. शिकवू म्हणाल्या होत्या ना, तर पुरणपोळी कडेपर्यंत भरायला शिकवली. तेवढंच.

आता पोरीचं सांगते. माझ्यासारखीच बुटकी, माझ्यासारखीच काळी, आणि इथं शाळेत बास्केटबॉल खेळायला लागली. टीममधल्या बाकीच्या सगळ्या चिनी पोरी, उंच, पांढऱ्याशुभ्र, आणि मधे ही मोहरीएवढी. मला वाटलं हिला चेंडू तरी लागू देतील का. तर ही गार्ड झाली. गार्ड म्हणजे मला आधी वाटायचं राखणदार. तसं नाही. गार्ड म्हणजे चेंडू आपटत आपटत पुढं नेणारी, कुणाला द्यायचा ते ठरवणारी, सगळ्या उंच पोरी हिच्या तोंडाकडं बघत पळतात. घरात मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघते आणि माझी पोरगी तिथं अशी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडूच आलं, मग लगेच घाबरले, म्हणलं कुणाची नजर लागली तर.

इथं सोळाव्या वर्षी मोठी परीक्षा असते, ओ लेव्हल. तिच्या मार्कांवर ज्युनियर कॉलेज मिळतं. पण पोरगी खेळात चांगली असली तर कॉलेजवाले परीक्षेच्या आधीच बोलावतात, खेळवून बघतात, पसंत पडली तर जागा धरून ठेवतात, मग थोडे मार्क कमी पडले तरी चालतं. आमच्या पोरीचं गणित बरं, बाकी जेमतेम. म्हणजे ही एकच वाट.

आणि वन्संनी दुसरी वाट काढून ठेवली होती. एका रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो, तर भात वाढता वाढता म्हणाल्या, "हिला पुण्याला धाडा. आमच्या आईच्या गुडघ्यांचं काही खरं नाही, तिला कुणीतरी पाहिजे. ही तिथं अकरावी-बारावी करेल, आईचं बघेल, स्वयंपाकाला हात बसेल. मग दोन वर्षांनी स्थळ बघू."

नवरा खाली मान घालून आमटी ओरपत होता. त्याला मी टेबलाखालून पाय मारला, तर त्यानं पाय बाजूला घेतला.

पोरगी म्हणाली, "आत्या, आय डोन्ट वॉन्ट."

"मराठीत बोल."

"नको जायला मला."

"तुला कुणी विचारलंय?" आणि माझ्याकडं बघून हसत, "तुझ्या आईनं पण असंच पाटावर बसताना तोंड वाकडं केलं होतं. आता बघ, सिंगापूर बघतेय."

त्यांना आठवत होतं. मला इतकी वर्षं वाटायचं की त्यांच्या ध्यानातच नसेल बिचाऱ्यांच्या, की मुहूर्त आपला आला तसा आला. त्यांना सगळं आठवत होतं आणि त्याचं त्यांना हसू येत होतं. त्या दिवशी मी ठरवलं. काय ठरवलं ते मलाही नीट माहिती नव्हतं. पण त्यांचं तोंड पडलेलं बघायचं, एवढं नक्की.

त्या आठवड्यापासून मी पोरीबरोबर आमच्या इमारतीखालच्या बास्केटबॉल कोर्टवर उतरायला लागले. ओढणी कंबरेला बांधायची, चपला कडेला काढायच्या. पोरगी आधी लाजली, इथल्या पोरींसारखं मागं लाह लावून म्हणाली, "आई, डोन्ट लाह, एव्हरीबडी लुकिंग." म्हणलं बघू दे. म्हणलं मला चुकवून जा. ती चेंडू घेऊन आली, मी तिच्या डोळ्यांकडं बघितलंच नाही, कंबरेकडं बघितलं, आणि अडवली. परत आली, परत अडवली. तिला राग आला, लाल झाली, चेंडू फेकून दिला.

"कसं काय कळतं तुला?"

"तू जिकडं बघतीस तिकडंच जातीस. उजवीकडं जायचं तर आधी डावीकडं जायचं मनात आण. खरंच आण. नुसतं नाटक केलं तर समोरचीला कळतं."

बाकावर बसलेले चिनी म्हातारे आम्हाला बघून टाळ्या वाजवायचे. एकजण मला "वाह, आंटी स्टीलिंग!" म्हणून ओरडला, मी घाबरले, मला वाटलं चोरी म्हणतोय, पोरगी हसून हसून खाली बसली, म्हणाली चेंडू चोरलास म्हणतोय, कौतुक आहे.

मग ती मॅच आली. शाळांची मॅच होती आणि त्यात एका कॉलेजची कोच बघायला आली होती. चिनी बाई, आखूड केस, गळ्यात शिट्टी. आमची पोरगी चांगली खेळली. मॅच संपल्यावर ती बाई सरळ माझ्याकडं आली. मी ओढणी सारखी केली. ती म्हणाली, "युअर डॉटर व्हेरी गुड. शी वर्क हार्ड?"

आता आमच्यात काय आहे, आपल्या पोराचं कुणी कौतुक केलं की आपण लगेच नाही म्हणायचं. कसलं काय, आळशी आहे नुसती, अभ्यास करत नाही, जेवत नाही. कौतुकाला हो म्हणलं की नजर लागते. ताप येतो, पडतं, हातातलं जातं. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "नो नो. लेझी. व्हेरी लेझी. शॉर्ट. नो गुड."

बाई माझ्याकडं बघत राहिली. "ओके," म्हणाली आणि गेली.

पोरगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी बोलली तर म्हणे, "आई, यू नो शी इज द कोच? यू टेल द कोच आय ॲम लेझी? तू आत्याच्या साइडला आहेस का?"

हे लागलं मला. थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

तरी शाळेतून फोन आला, कॉलेजनं ट्रायलला बोलावलंय, खेळवून बघायला. शनिवारी दुपारी, कॉलेजच्या हॉलमधे. पोरीनं मला मिठी मारली, माफ केलं वाटतं. आणि आता परत चूक नको म्हणून मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, पण नवऱ्यानं सांगितलं. बहिणीला सांगितल्याशिवाय त्याला पाणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन.

"अगं, आमच्या सूनबाईची पहिली मंगळागौर. पूजा मंगळवारी उरकून घेऊ, पण खेळ शनिवारी ठेवलेत. इथल्या बायका सगळ्या नोकरीवाल्या, मंगळवारी कोण येणार? खाली फंक्शन रूम घेतलीये."

"वन्सं, शनिवारी तिची ती..."

"माहितीये. म्हणून तर सांगतेय आधी. चेंडू काय पळून जातोय? तिला घेऊन ये, परकर-पोलकं घाल, चार बायकांना दिसू दे. आणि तुझ्याशिवाय फुगडी कोण घालणार? सगळ्या कंबरेला पट्टा लावून बसणाऱ्या."

माझ्या कानात ट्रकचा आवाज आला. दारावरनं जाणाऱ्या त्या ट्रकचा. परत तोच दिवस, परत तोच मुहूर्त, फक्त पाटावर आता माझी पोरगी.

मी म्हणलं, "हो वन्सं."

पोरगी शेजारी उभी होती, तिनं ऐकलं, तिचे डोळे भरले. मी फोन ठेवला आणि तिला म्हणलं, "रडू नको. एकदा दिशा धरली की त्यांना फिरता येत नाही. मला येतं."

शनिवारी मी नऊवारी नेसले, नथ घातली, अंबाडा घातला. नवऱ्याला म्हणलं पोरगी मैत्रिणीकडनं परस्पर येतीये, तिथंच परकर घालणार आहे. पोरगी बॅग घेऊन सकाळीच गेलेली. नवरा बिचारा हो म्हणाला, मिठाईचा डबा उचलला. ट्रेनमधे सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी मनात एकच म्हणत होते, देवा, पास. देवा, पास. आज माझ्या हातनं काय झालं तर आमचा पास.

फंक्शन रूम भरलेली. एसी, मसालेभाताचा वास, मोगऱ्याचे गजरे कुणीतरी लिटल इंडियातून आणलेले. पुरुष वर क्रिकेट बघत होते, एक जण तेवढा हँडीकॅम घेऊन खाली. मी झिम्मा घातला, बसफुगडी घातली, लाट्या झाल्या. बायकांना दम लागला की मी नवा खेळ काढायचे. वन्सं सोफ्यावर, नथ, शालू, हातात पंखा. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "पोरगी कुठाय?" मी म्हणायचे, "येतीये वन्सं, ट्रेनमधे आहे."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ट्रायल सुरू झाली असणार. आता कुणी अडवू शकत नव्हतं. मी पदर खोचला आणि सोफ्यासमोर जाऊन हात पुढं केले.

"चला वन्सं, एक फुगडी."

"छे गं, माझे गुडघे."

"यजमानीणबाई नाहीत तर कसली मंगळागौर?" आणि सगळ्या बायका ओरडायला लागल्या, चला, चला! सूनबाईसुद्धा टाळ्या पिटायला लागली. वन्सं उठल्या. उठायलाच लागलं. मी त्यांचे हात धरले, वरनं एक, खालनं एक, मनगटापर्यंत घट्ट.

पहिले फेरे हळू घेतले. हसत. वन्संपण हसत होत्या, हँडीकॅमकडं बघत. मग म्हणाल्या, "पोरगी नाही आली अजून?"

"यायची नाही ती."

"म्हणजे?"

"ट्रायलला गेली."

मी वेग वाढवला. खो-खोच्या पोरीचे पाय आहेत, सोळा वर्षं झाली तरी विसरले नव्हते. वन्संचा अंबाडा सुटला. गजरा उडून थेट मसालेभाताच्या पातेल्यात पडला आणि बायका खिदळल्या.

"सोड गं."

"सोडलं तर पडाल वन्सं."

"अगं सोड, मेले, चक्कर येतीये!"

"माझा साखरपुडा कुठल्या दिवशी धरला होतात, आठवतंय?"

डोळे पांढरे झालेले. नथ सरकून गालावर आलेली. आणि मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की मी खोटं का बोलू.

"पोरगी पुण्याला जायची नाही. म्हणा."

"नाही..."

"मोठ्यानं."

"नाही जायची! नाही जायची! सोड!"

बायकांना वाटलं फुगडीतलं काहीतरी चाललंय, त्यांनी पण ताल धरला, "नाही जायची, नाही जायची!" सगळी रूम टाळ्या वाजवत म्हणायला लागली. हँडीकॅम चालूच.

तेव्हा मी सोडून दिलं असतं तर त्या भिंतीवर जाऊन आपटल्या असत्या. आलं होतं मनात. पण पडल्या असत्या तर बिचाऱ्या झाल्या असत्या, सगळ्यांनी उचलून पाणी पाजलं असतं. मला त्या बिचाऱ्या नको होत्या. मी हळूहळू वेग कमी केला, त्यांना सोफ्यापर्यंत नेलं, बसवलं, पदर सारखा केला आणि म्हणलं, "लिंबूपाणी आणते हं वन्सं." आणि दारातून बाहेर पडले ते थेट रस्त्यावर.

टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "आंटी, वेडिंग आह?"

"डॉटर. बास्केटबॉल. फास्ट, फास्ट."

"वाह. लाइक दॅट प्ले बास्केटबॉल?"

आता भीती आली सगळी. काय केलं मी. नोकरी जाईल, पास जाईल, तिघं बॅगा घेऊन विमानात, आणि वन्सं वर बाल्कनीतून बघतायत. पण टॅक्सी फिरवा असं काही मी म्हणले नाही.

कॉलेजच्या गेटपासून हॉलपर्यंत पळाले. नऊवारीत पळता येतं, तिचं तेवढं चांगलं आहे. हॉलच्या दारात पोचले तर खेळ चालू. दोन्हीकडं पाच-पाच पोरी, आमची मोहरी मधे, गुडघा सोललेला, रक्त आलेलं. तिनं एक चेंडू टाकला, नाही गेला. दुसरा टाकला, तोही नाही. मग ती चेंडू आपटत परत वर आली, समोर एक ताडमाड पोरगी, हात पसरून. आमची पोरगी डावीकडं निघाली. खरंच निघाली, मला पण वाटलं डावीकडंच चाललीये. ती ताडमाड पोरगी तिकडं गेली आणि आमची उजवीकडून सटकली, आणि न बघताच चेंडू बास्केटखालच्या पोरीला दिला, तिनं नुसता वर ठेवला.

ती माझी हूल होती. जिल्ह्याच्या निवडीला मी देणार होते ती.

मी ओरडले. काय ओरडले माहिती नाही, मराठीत काहीतरी. सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला, नथ, नऊवारी, सुटलेले केस, घाम. पोरीनं बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओ माय गॉड, आई."

खेळ संपल्यावर ती आखूड केसांची कोच माझ्याकडं आली. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "यू आर द मदर. सो, स्टिल लेझी?"

माझी जीभ परत तिथंच गेली. नो नो, नो गुड, शॉर्ट. ओठावर आलं होतं. नजर लागेल, हातातलं जाईल. मी घट्ट डोळे मिटले आणि म्हणलं, "नो. नॉट लेझी. एव्हरी डे प्रॅक्टिस. शी इज बेस्ट. बेस्ट हिअर." बोलले आणि भिंत धरून उभी राहिले.

"देन व्हाय यू टेल मी लेझी?"

मला इंग्रजीत सांगता येईना. मी डोळ्याकडं बोट दाखवलं, "पीपल आय. बॅड आय. सो मदर से, नो गुड."

ती बाई जोरात हसली. "माय मदर ऑल्सो! टेल एव्हरीबडी आय अग्ली. होल लाइफ." मग हळूच म्हणाली, "डोन्ट वरी. आय नो ऑलरेडी."

घरी येऊन मी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी पोरीची दृष्ट काढली, मिरच्या तव्यावर जाळल्या तर शेजारचे चिनी काका खोकत खोकत दार वाजवायला आले.

नवरा घरी आला तो पांढराफटक. "काय केलंस ताईला?"

"फुगडी घातली."

"ती म्हणते..."

"काय म्हणते?"

वन्संना काही म्हणताच येत नव्हतं. सुनेच्या मंगळागौरीत भावजयीनं फुगडी घातली, याची तक्रार कशी करायची? का घातली ते सांगायला लागलं असतं. आणि त्या हँडीकॅमवाल्यानं सीडी काढून सगळ्यांना वाटल्या. इथल्या मराठी मंडळातल्या बायका अजून बघतात म्हणे, नथ गालावर आली ती जागा थांबवून थांबवून बघतात. आमच्या घरी पण आहे एक. नोकरी गेली नाही. भीती मात्र अजून आहे, ती काय जायची नाही. पण वाईट वाटतंय का विचाराल, तर नाही वाटत. तेवढं नाही वाटत.

काही आठवड्यांनी शाळेतून फोन आला. कॉलेजनं पोरीची जागा धरून ठेवली. परीक्षेत ठरलेल्या मार्कांपुरती पास झाली की झालं. पोरगी घरभर नाचली, नवरा डोळे पुसायला बाथरूममधे गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन. आधी नाव बघितलं, बघितलंच. पण आवाज एकदम गोड.

"अगं, केवढी आनंदाची बातमी! मी म्हणतच होते, मुलगी चपळ आहे. आता आमच्या गणपतीला तिचा सत्कार करू, नारळ देऊ. सगळ्यांना सांगूया, आत्यानंच पाठीमागं लागून खेळायला लावलं. आणि हे बघ, कॉलेजची दोन वर्षं झाली की मग पुण्याचं बघूच. आईला कुणीतरी पाहिजेच आहे. काय?"

पोरगी शेजारी उभी होती, चेंडू काखेत, माझ्या तोंडाकडं बघत. मी तिच्याकडं बघितलं, आणि ती हसायला लागली, आवाज येऊ नये म्हणून चेंडूत तोंड खुपसून.

मी म्हणलं, "हो वन्सं."